पाळक, पंडित आणि मोडीचे खिळे : गाविलगडाच्या पाडावापासून श्रीरामपूरच्या कबरीपर्यंत

१/
१५ डिसेंबर १८०३. मेळघाटातील गाविलगडाच्या उत्तर तटाला इंग्रजी तोफांनी खिंडार पाडले आणि किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. त्याआधी अवघे सोळा दिवस, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली होती. दोन्ही ठिकाणी इंग्रजांचा सेनापती एकच होता : आर्थर वेलस्ली. हा इतिहास वऱ्हाडातील बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच घटनांशी जोडलेली दुसरी एक कथा मात्र सहसा सांगितली जात नाही. आजचा धागा त्या कथेचा आहे.

२/
१७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा थोडा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. महिनाअखेरीस शिंद्यांनीही सुर्जी-अंजनगावला तह केला. आता कंपनीला मराठ्यांशी रोजचा व्यवहार ठेवणे भाग होते. वकील, पत्रे, हिशेब, तक्रारी या सगळ्यांची भाषा मराठी होती आणि लिपी मोडी.

३/
आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल होता. विलायतेहून येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी त्याने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले होते. म्हणजे धाकटा भाऊ वऱ्हाडात किल्ले घेत होता आणि थोरल्याच्या कॉलेजात पुढच्या कारभाराची तयारी चालली होती. त्या कॉलेजात मराठी शिकविण्याचे काम ज्याच्याकडे आले, तो ना सरदार होता, ना विद्यापीठाचा पदवीधर. तो एकेकाळचा चांभारकाम करणारा बॅप्टिस्ट पाळक होता : विल्यम कॅरी.

४/
कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला लागला. तेथेच एका जुन्या ग्रंथात ग्रीक अक्षरे दिसली आणि ती काय आहेत हे कळेपर्यंत त्याला चैन पडेना. पुढे लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच या भाषा त्याने बव्हंशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. आरी आणि पुस्तक एकाच बाकावर असत.

५/
‘बॅप्टिस्ट’ म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. हा प्रॉटेस्टंटांमधील एक पंथ. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणे त्याला मान्य नाही. ज्याने समजून-उमजून श्रद्धा स्वीकारली, त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा, असे तो मानतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आणि पाळकही मंडळीनेच निवडलेला. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या अशा लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्यांचे दरवाजे बंद होते. १७८३ मध्ये कॅरी यांनी नॉर्थॅम्प्टनच्या नेने नदीत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मोल्टन व लेस्टर येथे ते पाळक झाले.

६/
१७९२ मध्ये त्यांनी परदेशी धर्मप्रसार हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केटरिंग येथे मूठभर पाळकांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. पहिली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. पुढच्याच वर्षी कॅरी हिंदुस्थानाकडे निघाले. कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून डॅनिश जहाजाने.

७/
या प्रवासात आणखी एक व्यक्ती होती. तिला यायचेच नव्हते. पत्नी डोरोथी. लग्नाच्या नोंदीवर तिने सहीऐवजी खूण केली होती, कारण तिला लिहिता येत नव्हते. तान्हे मूल पोटाशी घेऊन, बरीच मनधरणी झाल्यावर ती जहाजात चढली. १७९४ मध्ये बंगालच्या उत्तरेकडील मदनाबाटी येथे त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. परक्या, परधर्मी मुलाचे प्रेत उचलायला जातीच्या भयाने माणूस मिळेना. त्यानंतर डोरोथीचे मन जे ढळले, ते पुन्हा कधी सावरले नाही.

८/
मदनाबाटीत कॅरी नीळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत, बंगाली व संस्कृत शिकत आणि बायबलाचे भाषांतर करीत. जानेवारी १८०० मध्ये ते हुगळीच्या काठी श्रीरामपूरला आले. आपल्या नगर जिल्ह्यातले हे श्रीरामपूर नव्हे. हे बंगालमधील, इंग्रजी कागदपत्रांतले सेरामपूर. तेथे तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, कारण त्यांच्यामुळे रयत बिथरेल अशी तिला धास्ती होती. डॅनिश झेंड्याखाली मात्र त्यांना थारा मिळाला.

९/
श्रीरामपूरला तिघांची जोडी जमली. जोशुआ मार्शमन हे शाळामास्तर आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक. तिघे एका कुटुंबासारखे राहत आणि मिळकत एका ठिकाणी जमा करीत. लाकडी छापखाना सुरू झाला. डिसेंबर १८०० मध्ये कृष्ण पाल या सुताराने बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी बंगाली नवा करार छापून निघाला. तो पाहूनच कॉलेजचे कॅरी यांच्याकडे लक्ष गेले.

१०/
यातली विसंगती ध्यानात घ्या. कंपनी ज्या मिशनऱ्याला आपल्या मुलखात राहू देत नव्हती, त्यालाच तिने आपल्या कॉलेजात नेमले. प्राध्यापकपद अधिकृत चर्चच्या सभासदांसाठी होते, म्हणून सुरुवातीला हुद्दा केवळ ‘शिक्षक’ आणि पगार दरमहा पाचशे रुपये. आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठी. १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि पगार हजार झाला. त्यातला बहुतेक पैसा ते मिशनच्या सामाईक निधीत टाकीत.

११/
मराठी प्रदेश न पाहिलेला माणूस मराठी शिकविणार कसा? येथे आपल्या कथेतील दुसरा नायक येतो : पंडित वैजनाथ. हे नागपूरकडचे. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मुख्य मराठी पंडित होते. कॅरी यांच्या कानावर जी मराठी पडली ती प्रामुख्याने वैजनाथांची, म्हणजे पुण्या-मुंबईची नव्हे तर भोसल्यांच्या मुलखातली. देवगावच्या तहाने नागपूर आणि वऱ्हाड यांची राजकीय ताटातूट केली, परंतु त्या मुलखाच्या बोलीचे वळण कलकत्त्यात कागदावर उतरू लागले होते.

१२/
१८०५ मध्ये कॅरी यांचे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण श्रीरामपूरला छापून झाले. त्याला रोजच्या व्यवहारातील संवाद जोडलेले होते, कारण हे पुस्तक पंडितांसाठी नव्हते. उद्या एखाद्या जिल्ह्यात कचेरी थाटणाऱ्या विशीतल्या साहेबासाठी होते. मराठीचे छापील व्याकरण यापूर्वी अजिबात नव्हते असे नाही. १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेतून एक व्याकरण निघाले होते. परंतु इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी मराठीचे दार उघडले ते या पुस्तकाने.

१३/
त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला आणि त्यातील मराठी शब्द मोडीत छापले होते. आज आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण तेव्हा नागपूर, पुणे, बडोदे अशा कोणत्याही दरबारातील कारकून मोडीच लिहीत असे. बाळबोध ही पोथ्यांची आणि शास्त्र्यांची लिपी. ज्याला दफ्तर वाचायचे आहे, त्याला मोडीवाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजांना हे लौकर उमगले.

१४/
मोडी ही धावती लिपी. बोरू न उचलता एका अक्षरातून दुसरे अक्षर निघते. ती सुट्या खिळ्यांत बसविणे हे कर्मकठीण काम होते. श्रीरामपूरला हा कारखाना उभा राहिला तो पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या हातांवर. पंचानन यांनी ही विद्या चार्ल्स विल्किन्स यांच्याबरोबर बंगाली खिळे पाडताना मिळविली होती. पंचानन लवकरच वारले, मनोहर यांनी पुढे अनेक वर्षे काम चालविले. पोलादी ठसा कोरायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यात शिसे ओतून खिळा पाडायचा. असा एकेका अक्षराचा संसार.

१५/
११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी जाऊन त्यांना बातमी सांगितली. कागदाचे ढीग, अनेक भाषांचे खिळे, कॅरी यांच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित, रामायणाच्या भाषांतराचा भाग, सारे जळाले. वर्षानुवर्षांची टाचणे एका रात्रीत राख झाली. मात्र मुद्रणयंत्रे वाचली आणि राखेत पोलादी ठसे शाबूत सापडले. ठसे हाती असले म्हणजे खिळे पुन्हा पाडता येतात. काही महिन्यांत छापखाना पुन्हा चालू झाला आणि इंग्लंडमधून वर्गणीने नुकसान भरून आले.

१६/
आगीनंतरच्या वर्षांत वैजनाथांच्या नावाने मराठी गद्याची पुस्तके निघाली. १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’, १८१५ मध्ये ‘हितोपदेश’, १८१६ मध्ये ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’. हे शेवटचे मूळ रामराम बसू यांचे बंगाली पुस्तक. याच सुमारास नागपूरकर भोसल्यांची वंशावळही छापून निघाली. छापील मराठी ललित आणि ऐतिहासिक गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत यांची गणना होते. आणि ती लिहिणारा माणूस नागपूरकडचा होता.

१७/
वंशावळीचा काळही पाहा. दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपूरचे स्वातंत्र्य संपल्यातच जमा झाले. एखाद्या घराण्याचा इतिहास त्याला जिंकणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात छापला जावा आणि त्याच सुमारास ते घराणे कोसळावे! कॅरी यांना राज्ये जिंकायची नव्हती, हे खरे. त्यांच्या मते ते केवळ शुभवर्तमानासाठी वाट तयार करीत होते. पण त्यांच्या वर्गातून बाहेर पडणारे तरुण कंपनीचे नोकर होते, हेही तितकेच खरे.

१८/
मग ही मराठी मागे का पडली? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी कारभाराचे इंग्रजी केंद्र मुंबई झाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरचे मराठी बायबल उपयोगी पडेना. त्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांसाठी पुणे-मुंबईची भाषा प्रमाण ठरली आणि लिपी बाळबोध. वैजनाथांची मराठी ‘अशुद्ध’ किंवा ‘प्रांतिक’ म्हणून बाजूला सरली.

१९/
कॅरी यांच्या मराठीत दोष होते, यात शंका नाही. अनेक भाषांची भाषांतरे एकाच वेळी चालली होती. बंगाली आणि संस्कृतची छाया सर्वांवर पडत होती, आणि मराठी घराअंगणात बोलली जाताना ऐकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. पण ‘चुकीची’ आणि ‘दुसरीकडची’ या दोन गोष्टी एक नव्हेत. श्रीरामपूरच्या मराठीला नावे ठेवताना या दोहोंची सरमिसळ झाली. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला शाळेत मास्तर ‘नीट बोल’ म्हणतात, तेव्हा हीच सरमिसळ आजही होत असते.

२०/
आणि नियतीचा खेळ असा की, मराठीचे सर्वांत जुने मोठे गद्य त्या वेळी वऱ्हाडातच पडून होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त केले आणि ते बाहेरच्या जगाला विसाव्या शतकात उलगडले. १८०५ मध्ये कॅरी आणि वैजनाथ मराठीचे नियम लिहीत होते, तेव्हा हा ठेवा मठांतल्या पोथ्यांत कुलूपबंद होता. वाक्य कसे चालते, हे या भूमीने पाचशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले होते.

२१/
आता पुन्हा कॅरी यांच्या घरात येऊ. बाहेरच्या खोलीत पंडित बसलेले, मुद्रिते तपासली जात आहेत, आणि आतल्या खोलीत डोरोथी कोंडलेली. तिला भ्रम होत आणि ती नवऱ्यावर नाही नाही ते आरोप करी. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती वारली. व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा. तिचा मृत्यू या दोन तारखांच्या मधोमध येतो. कॅरी यांच्या कर्तबगारीचे मोजमाप करताना हा हिशेब वगळणे प्रामाणिकपणाचे नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही, हेही नोंदले पाहिजे.

२२/
पुढची वर्षे भराभर सांगतो. १८०८ मध्ये शार्लट रूमोर यांच्याशी विवाह, १८२१ मध्ये त्यांचे निधन, मग तिसरा विवाह. १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज. १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्येची संस्था, कारण वनस्पती हे त्यांचे दुसरे वेड होते. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत आणण्यासाठी त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवार होता. त्या दिवशी त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपविले आणि दिवसभर भाषांतर केले. एक दिवस उशीर म्हणजे आणखी काही चिता, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

२३/
अखेरची वर्षे सुखाची नव्हती. मायदेशातील सोसायटीशी मालमत्तेच्या हक्कावरून तंटा झाला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर तिच्यापासून वेगळे झाले. १८३० मध्ये कॉलेजातील नोकरी संपली व उत्पन्न घटले. कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत मिशनचा पैसा गेला. वॉर्ड १८२३ मध्येच पटकीने गेले होते. तब्येत ढासळली तरी बंगाली बायबलाची शेवटची आवृत्ती कॅरी यांनी तपासून पुरी केली. नंतर पाय चालेनात, तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून बागेत नेत.

२४/
स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ त्यांना भेटायला आले. डफ त्यांच्या कार्याविषयी बोलत राहिले. निघताना कॅरी यांनी त्यांना माघारी बोलावले आणि सांगितले की, माझ्यामागे माझ्याविषयी काही बोलू नका, माझ्या तारणाऱ्याविषयी बोला. ९ जून १८३४ रोजी, सूर्योदयाच्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी पावसात अंत्ययात्रा निघाली. डॅनिश झेंडा अर्ध्यावर होता आणि रस्त्याच्या दुतर्फा गोरगरीब उभे होते.

२५/
इच्छापत्रात त्यांनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. दफन शार्लट यांच्या शेजारी व्हावे, आणि थडग्यावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा व एका स्तोत्राच्या दोन ओळींपलीकडे काही कोरू नये. आपण एक दीन, असहाय जीव आहोत आणि परमेश्वराच्या हाती स्वतःस सोपवीत आहोत, एवढाच त्या ओळींचा आशय. मुलाला काही द्यायचे, तर त्यासाठी पुस्तके विकावी लागणार होती. वर्षानुवर्षे हजार रुपये पगार घेणाऱ्या माणसाची ही शिल्लक.

२६/
कॅरी संत होते की साम्राज्याचे साधन, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मला तो अपुरा वाटतो. मराठीच्या त्या पहिल्या पुस्तकांमागे एक पाळक होता, एक नागपूरकर पंडित होता, बंगाली लोहारविद्येचे दोन कारागीर होते, एका आजारी बाईचे उद्ध्वस्त आयुष्य होते आणि वऱ्हाडात सांडलेले रक्तही होते. मुखपृष्ठावर एकच नाव मावते. इतिहासाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. आपल्यामागे आपला गौरव नको असे सांगून गेलेल्या त्या पाळकाने तरी यावर हरकत घेतली नसती.

२७/
चिखलदऱ्याला गेलात, तर गाविलगडाच्या उत्तर तटाजवळ क्षणभर थांबा. परतताना वाट वाकडी करून रिद्धपूरला जा. या दोन ठिकाणांच्या मधे मराठी गद्याची सुमारे सव्वापाचशे वर्षे पसरलेली आहेत. आणि घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांचे मोडी कागद असतील, तर ते रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या मोडी वाचकाला अवश्य दाखवा. एका परक्याने त्या अक्षरांचे खिळे पाडून घेण्यासाठी आयुष्यातली वर्षे खर्ची घातली. आपल्याला ती निदान वाचता तरी यावीत.

(धागा समाप्त)